भिंगकाकांचा खिळा

...नाही, पण मला एक सांगा, 'हो की नाही' असं विचारणाऱ्याला 'थांब जरा' असं उत्तर द्यायची सोय का नसावी? तुम्हाला सांगतो, तिथेच माझा घात झाला! बसा हो, बसा, तुमचा नंबर माझ्यानंतर. ह्या सलूनमध्ये खुर्ची एक, आणि हा सलूनवाला असा, की माझ्या अर्ध्या गालाला साबण फासून फोनवर बोलायला बाहेर गेलाय... येईल, येईल. तोवर ऐका. पेपर काय वाचताय, परवाचा आहे तो.

तर मी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होतो. एकोणीस वर्षं. तिथे काच घासायला यंत्र, यंत्राला डोळ्याचा नंबर सांगायला संगणक, आणि संगणकाला सांभाळायला मी. आता संगणकात काय एकच सॉफ्टवेअर असतं? पाचशे असतात! काच कापणारं एक, त्याला मोजमाप पुरवणारं दुसरं, त्या दुसऱ्याला आकडेमोड करून देणारं तिसरं, आणि तिसऱ्याचं चौथ्याशिवाय पान हलत नाही. मग ही सगळी मंडळी आत घ्यायला, बाहेर काढायला, कुणाला कोण लागतं ते बघायला एक कारभारी नेमलेला असतो. पॅकेज मॅनेजर म्हणतात त्याला. ओपन सोर्स! म्हणजे काय, तर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट मिळणारा, कुणाच्याच मालकीचा नाही असा... म्हणजे बिघडला तर बोंब कुणाच्या नावाने मारायची? कुणाच्याच नाही!

आमचा कारभारी जुना होता. हळू होता. काम सांगितलं की आधी पाच मिनिटं नुसता विचार करायचा. पण एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांना कधी उलट बोललो नव्हतो हो, आणि हे मी बायकोबद्दलसुद्धा म्हणू शकत नाही.

मग मालकीणबाईंच्या मुलीचं लग्न झालं आणि कारखान्याला जावईबापू लाभले. हा प्राणी दोन दिवस कुठल्याशा परिषदेला गेला आणि येताना एक पिशवी, एक पाण्याची बाटली आणि एक मत घेऊन आला. पिशवी आणि बाटली फुकट मिळाली होती, मतही तसलंच. माझ्या टेबलावर बूड टेकवून म्हणतो, "काका..." मी एक्कावन्न! त्याच्या डोक्यावर माझ्या निम्मे केस नाहीत, आणि मी काका! "काका, हा पॅकेज मॅनेजर आता वापरतं कोण? तो नवा घ्या ना. फास्ट आहे. अर्ध्या तासाचं तर काम." तुम्हाला सांगतो, ज्याला काम करायचं नसतं ना, त्याच्या घड्याळात प्रत्येक काम अर्ध्या तासाचं असतं. वर म्हणतो, "शुक्रवारी पाचपर्यंत झालं पाहिजे. नाही जमलं तर मोकळेपणाने सांगा हं, काका. बाहेर एक मुलगी आहे, शार्प आहे. तिला बोलावू." मोकळेपणाने सांगा! म्हणजे दाराकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, हवा किती छान येते बघा.

सोमवारी नवा कारभारी आत घेतला. आल्या आल्या विचारतो, 'येथे आधीच एक कारभारी दिसतो. त्याच्या वस्तू माझ्या मानू का? हो की नाही?' मी म्हटलं, हो. झालं! निम्म्या वस्तू ह्याने ताब्यात घेतल्या, निम्म्या जुन्याने सोडल्या नाहीत. ह्याने आकडेमोडीचं नवं सॉफ्टवेअर बसवलं, जुन्याने त्याच्या शेजारी आपलं जुनं ठेवलं. काच कापणाऱ्याला एकाची सवय, मोजणाऱ्याला दुसऱ्याची ओढ. पडद्यावर लाल अक्षरांत हीऽऽ लांबलचक यादी! सगळी वाचली. सार काय? ह्याला तो लागतो, आणि त्याला हा चालत नाही!

म्हटलं, दोघं एका घरात नांदत नाहीत ना, मग जुन्याला काढू. जुना म्हणतो, 'मला काढल्यास माझ्या आधारावर असलेल्या पुढील दोनशे चौदा वस्तूही निघतील.' यादी बघतो तर काय, एकशे त्र्याण्णवावा कीबोर्ड! म्हणजे काढायला 'हो' म्हणायचं, आणि मग चूक झाली म्हणून ओरडायला तोंडच नाही! हसताय? हसा. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर.

मंगळवारी तसंच चालवून बघितलं. निम्मा कारभार ह्याचा, निम्मा त्याचा. यंत्रातून काच आली. आमच्याकडे घासणीवर एक मावशी आहेत, बावीस वर्षं काचा घासतायत, जीभ यंत्राच्या पात्यापेक्षा धारदार. त्यांनी ती काच दोन बोटांत धरून उजेडाकडे केली आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हा डोळा कुणाचा म्हणायचा, साहेब? माशीचा का?" सगळे खीऽखीऽखी! जावईबापू काचेच्या केबिनमधून बघताहेत, आणि कुणालातरी फोन लावताहेत. शार्प मुलगीच असणार, दुसरं कोण!

मग इंटरनेटवर मंडळी असतात, एकमेकांना मदत करणारी. तिथे हात जोडून लिहिलं, असं असं झालंय, ह्याला तो लागतो, त्याला हा चालत नाही, कृपया मार्ग दाखवावा. तीन मिनिटांत उत्तर. 'मूर्ख प्रश्न. बंद करण्यात येत आहे.' बंद! मी तोंड उघडायच्या आत बंद! म्हटलं, त्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचा मूळ लेखक शोधू. शोधला. पत्र लिहिलं. भला माणूस, उत्तर दिलं त्याने. 'ते काम मी सहा वर्षांपूर्वी सोडलं. हल्ली मधमाश्या पाळतो. फार बरं वाटतं. तुम्हीही पाळा.' आता काय करता!

बुधवारी सकाळी मात्र एकेक धागा धरत धरत मुळाशी पोचलो. सगळं भांडण एका जागी अडकलं होतं. आकडेमोडीची जुनी आवृत्ती कुणीतरी खिळा ठोकून ठेवली होती. हो, तशी सोय असते. ही वस्तू आहे तिथेच राहील, कितीही नवी आली तरी बदलायची नाही, असा खिळा मारून ठेवता येतो. आणि खिळ्याला चिठ्ठी. काय चिठ्ठी? 'यास हात लावू नये. लावायचा असल्यास आधी मला विचारावे.' खाली आठ वर्षांपूर्वीची तारीख. नाव? नाव नाही. नावाची गरजच नव्हती हो, 'आधी मला विचारावे' म्हणणारा आमच्या कारखान्यात एकच... भिंगकाका! माझ्या आधी त्या खुर्चीवर बसायचे ते. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. खिशात कायम भिंग. बिल आलं तरी भिंगातून, जेवणाचा डबा उघडला तरी भिंगातून. फ्यूज बदलायचा तर मला विचारावे, पंखा लावायचा तर मला विचारावे. एकदा आग लागली होती तेव्हा आम्ही आधी त्यांना शोधलं, मग पाणी.

तुम्ही म्हणाल, मग उपटायचा की खिळा! अहो, डोळ्यांचा मामला आहे! तो का ठोकलाय हे माहीत नसताना उपटला, आणि पुढच्या आठवड्यात आमचा चष्मा लावलेल्या एखाद्या बसड्रायव्हरला रस्ता जरासा डावीकडे दिसायला लागला तर? बसमध्ये तुम्हीच असायचे!

फोन केला. अर्धी घंटा वाजायच्या आत उचलला. 'हॅलो' नाही, 'कोण' नाही. "बोल," म्हणाले. जणू कालच जेवायला म्हणून उठून गेले होते. "घरी ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

गेलो. दुसरा मजला. मी बेलवर बोट ठेवायच्या आधीच दार उघडलं. गुळगुळीत दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पेनाशेजारी भिंग... स्वतःच्या घरात! मागे फळीवर एक चष्म्याची डबी, निरोपाला कारखान्याने दिलेली, फीतसुद्धा सोडलेली नाही. मला बसवलं, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "सुकलास. बरं, आधी सांग, माझ्या खुर्चीवर कोण बसतं?"

ती खुर्ची केव्हाच भंगारात गेली होती हो! पण ते डोळे असे काही लागले होते माझ्याकडे... मी म्हटलं, "कुणी नाही बसत, काका. तशीच ठेवलीय." "ठेवणारच," म्हणाले. आणि जे सुरू झाले! कारखान्यात पहिला संगणक आला तो दिवस, तो कुणी उचलून आत ठेवला, तो कोपऱ्यातून आत जाईना तेव्हा कुणी तिरका धरायला सांगितलं. तीन तास! मी मध्ये मध्ये, "काका, तो खिळा..." की ते, "येतोय, येतोय त्याच्यावरच येतोय." एक वाजता उठले आणि म्हणाले, "कारण असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. उद्या दहाला ये."

गुरुवारी पुन्हा दहाला. मला घाई, त्यांना आठ वर्षांचं साठलेलं. ह्याला तो लागतो, आणि त्याला हा... आलं ना लक्षात? शेवटी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो आणि काकूंचे पायच धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, "काकू, उद्या पाचपर्यंत नाही झालं तर माझी नोकरी जाते हो. तो खिळा का मारलाय, तुम्हाला काही बोलले होते का?"

काकूंनी आधी दार लोटलं. मग हळूच म्हणाल्या, "कारण कुठलं रे बाबा? काही कारण नाही. निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी घरी आले, चपला काढता काढता म्हणाले, 'खिळा ठोकून आलोय. आता बघ कसे शोधत येतात.' पहिली दोन वर्षं तर ताटाशेजारी फोन ठेवून जेवायचे." आठ वर्षं! अख्ख्या कारखान्याच्या वाटेत ह्या माणसाने खिळा ठोकलेला, आणि कारण काय, तर आपल्याला कुणीतरी विचारावं! मी वळलो, तर काकूंनी हाताला धरलं. "तुझं काम तू कर. पण ह्यांना सांगू नकोस सुटलं म्हणून. नाही सुटत असंच चालू दे. काल दाढी केली रे ह्यांनी. आठ वर्षं नुसतं जंजाळ वाढवून बसले होते. खाली चेहरा कसा होता ते मी विसरले होते."

तुम्हाला खरं सांगतो, मी रस्ताभर हसलो. लोक वळून बघत होते इतका हसलो. म्हटलं, काय ही म्हाताऱ्याची लाचारी! बायकोला चोरून कुणी विडी ओढतं, कुणी पत्ते खेळतं, हा वाट बघत बसलाय! मी हा असा कधी होणार नाही, म्हटलं. रस्त्यात, मोठ्याने म्हटलं.

शुक्रवारी सकाळी खिळा उपटला. चार सेकंद. मोजून चार! सगळ्या मंडळींनी माना डोलावल्या, ह्याला तो मिळाला, त्याला हा चालला, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा वस्तू नव्या कारभाऱ्याने सांभाळून घेतल्या, कीबोर्डसकट. मग जुन्याचा निरोप. 'काढू का? हो की नाही?' एकोणीस वर्षं हो... 'थांब जरा' नव्हतंच तिथे. हो दाबलं. गेला बिचारा, ब्र न काढता. काच आली, मावशींनी उजेडाकडे धरली. "बरी आहे," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'बरी आहे' म्हणजे इतरांनी हार घातल्यासारखं!

आणि मग... पाचला दहा कमी होते. खोलीत मी एकटा. जावईबापू केबिनमध्ये फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो, पुढच्या आठवड्यात बोलू, तुझी जागा होईल असं दिसतंय." आणि माझा हात गेला. आपोआप गेला हो! त्याच आकडेमोडीवर, त्याच जागी, मी एक खिळा ठोकला. चिठ्ठी लिहिली. 'यास हात लावू नये. लावायचा असल्यास आधी मला विचारावे.' का? कारण काही नाही. भीती वाटली. दुसरं काय असतं?

सोमवारी जावईबापूंनी केबिनमध्ये बोलावलं. मालकीणबाईही बसलेल्या. "वा, काका! मस्तच! आता हा नवा सगळं आपोआप करतो ना?" मी फुगलेलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी 'वा' म्हटलं होतं. म्हटलं, "सगळं!" "म्हणजे रोज कुणी बघायला लागत नाही?" "छे, छे, बोटसुद्धा लावायला नको!" "म्हणजे त्याच्यासाठी असा वेगळा माणूस नाही लागणार... हो की नाही, काका?"

आणि मी म्हटलं, "हो."

स्वतःच्या तोंडाने! बघा, त्या क्षणी कुणी मला तिसरा पर्याय दिला असता... पण जाऊ दे. शुक्रवारी निरोप. केक कापला, मावशींनी सर्वांत मोठा तुकडा स्वतः घेतला आणि माझ्या हातात फीत बांधलेली डबी. चष्मा! जावईबापू म्हणाले, "तुम्हाला आता दूरचं स्वच्छ दिसावं म्हणून." अहो, माझ्या डोळ्यांना नंबरच नाही! एकोणीस वर्षं एका खोलीत बसलो, आणि मला चष्मा नाही हे एकालाही दिसलं नाही. चष्म्याच्या कारखान्यात!

तरी मी निवांत होतो. खिळा होता ना! म्हटलं, नवी आवृत्ती आली की अडकतील, ह्याला तो लागेल, त्याला हा चालणार नाही, आणि येतील झक मारत. फोन ताटाशेजारी ठेवायला लागलो. बायको म्हणाली, "कुणाचा यायचाय?" म्हटलं, "कामाचा." एक आठवडा. एक महिना. चार महिने. फोनला काही झालंय का म्हणून मुलाला दुसऱ्या खोलीतून मला फोन करायला लावला. वाजतो हो. नीट वाजतो.

आणि सकाळी दहाला? भिंगकाकांकडे. रोज! काकूंनी सांगितलं होतं ना. आणि घरी बसून तरी काय करायचं? त्यांना वाटतं मी कारखान्यातूनच येतो. "काय रे, सुटलं का?" "नाही हो काका, तुमचा खिळा म्हणजे..." "सुटणार नाही असा!" आणि खूष! मग ते नवीन कारण सांगतात. आजवर एकवीस कारणं झाली. मला तो माणूस एक दिवस आवडलेला नाही. भिंगातून माझ्या तोंडातला घास बघतो! पण काय करणार, त्याला मी लागतो, म्हटलं, करावी एखाद्यावर दया.

काल त्यांच्याकडेच निघालो होतो. कोपऱ्यावर मावशी भेटल्या. मी सहज, अगदी सहज विचारलं, "काय म्हणतो संगणक? अडला नाही ना कुठे?"

"अडला की!" म्हणाल्या. "तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. ती शार्प मुलगी आली, तिला चिठ्ठी सापडली. जावईबापूंनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. 'हाऽऽत लावू नये! आधी मऽऽला विचारावे!' काय हसलो हो आम्ही! पोट दुखलं. तुम्ही पाहिजे होतात."

मी म्हटलं, "मग... मग विचारलं नाहीत?"

"विचारलं ना! लगेच फोन लावला."

"मला नाही आला."

"तुम्हाला कशाला?" म्हणाल्या. "भिंगकाकांना लावला, तुम्ही गेल्याचंही सांगितलं. असं लिहिणारा दुसरा कोण आहे? म्हणाले, 'हो, माझाच खिळा. उपटा.'"

अहो, नाव लिहायचं राहिलं! माझ्या खिळ्यावर माझंच नाव नाही! आयुष्यात एकदा कारखान्याने विचारलं, आणि विचारलं ते त्या म्हाताऱ्याला! आणि त्याने आठ वर्षं ज्याची वाट बघितली तो फोन आला, तेव्हा तो काय म्हणाला? उपटा! म्हणजे माझी नोकरी गेलेली, खिळा सुटलेला, सगळं त्याला पहिल्या आठवड्यापासून माहीत! आणि चार महिने मला रोज विचारतोय, 'काय रे, सुटलं का?'

असा संताप आला! दोन मजले दोन-दोन पायऱ्या चढलो. दार उघडंच. बेल वाजवणार, तोच आतून काका काकूंना म्हणताना ऐकू आले. "अजून आला नाही? येईल, येईल. आणि हे बघ, तू एका शब्दाने बोलू नकोस हं त्याला. नाही सुटत असंच चालू दे. बिचाऱ्याला दुसरं कोण विचारतंय? बघितलंस ना, हल्ली रोज दाढी करून येतो."

मी दारात. हात बेलवर. आत जाववेना, खाली उतरवेना. मग वाजवली. काका आले. भिंगातून बघितलं मला, खालपासून वरपर्यंत.

"काय रे? सुटलं का?"

"नाही हो, काका," म्हटलं. "अजून नाही सुटत."

"बस," म्हणाले. "आज खरं कारण सांगतो."

...आला का रे बाबा तू? संपलं फोनवरचं? चल, आटप लवकर. उजव्या बाजूला नीट बघून फिरव, काल दोन केस राहिले होते. आणि हात जरा हलका ठेव.

दहाला पोचायचंय.